आयकॉमची वेशभूषा समिती काय करते, आणि छोट्या संग्रहालयाला तिचा उपयोग किती?

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण जिल्ह्याच्या गावातील एका विश्वस्त संस्थेच्या संग्रहालयात नोंदींचे काम पाहता. संग्रहात संस्थानी काळातील पैठण्या आणि शालू, काही अंगरखे, पगड्या, शेले आणि लहान मुलांच्या कुंच्या-टोपडी आहेत. संस्थेच्या वर्धापनदिनी ही वस्त्रे शाळेतील मुलामुलींना नेसवून शोभायात्रा काढावी, असा विश्वस्तांचा विचार आहे. आपल्याला ते पटत नाही, परंतु ‘इतकी वर्षे टिकली, एका दिवसाने काय बिघडणार आहे’ या बोलण्यावर आपल्यापाशी उत्तर नाही. अशातच कुणीतरी आपल्याला सांगितले की आयकॉमची एक वेशभूषा समिती आहे, तिचे सदस्य व्हा. ती समिती नेमके काय करते आणि सदस्यत्वाचे पैसे भरण्यात अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे.

मला यात दोन प्रश्न दिसतात. एक माहितीचा आहे आणि त्याचे उत्तर सोपे आहे. दुसरा आपण स्पष्ट विचारलेला नाही, पण खरा तोच आहे: संग्रहालयात एकट्याने काम करणाऱ्या माणसाने वरिष्ठांना ‘नाही’ म्हणायचे असेल, तर त्या ‘नाही’च्या पाठीशी कोण उभे राहते? मुंबईतील एका संग्रहालयाच्या वस्त्रविभागात मी बरीच वर्षे काम केले आहे, आणि माझ्या मते या समितीची खरी कमाई दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. पण आधी माहिती देते.

आयकॉम म्हणजे संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय परिषद. ती १९४६ मध्ये स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय पॅरिसमध्ये आहे. ही सरकारी संस्था नाही. संग्रहालये आणि त्यांत काम करणारी माणसे यांची ती संघटना आहे, आणि युनेस्कोशी तिचे औपचारिक संबंध आहेत. तिच्या छत्राखाली दोन प्रकारच्या समित्या चालतात. एक देशनिहाय, म्हणजे आपल्याकडे आयकॉमची भारतीय राष्ट्रीय समिती. आणि दुसऱ्या विषयनिहाय, म्हणजे नाणी, वाद्ये, काच, शिक्षण, सुरक्षा, संवर्धन अशा एकेका विषयाच्या आंतरराष्ट्रीय समित्या. वेशभूषेची समिती १९६२ पासून आहे. आज तिच्या नावात वेशभूषेच्या जोडीला फॅशन आणि वस्त्र हे दोन्ही आले आहेत, आणि ते योग्यच झाले, कारण राजवाड्यातला जरीचा अंगरखा, गिरणी कामगाराचा सदरा आणि कालपरवाच्या फॅशन डिझायनरचे काम हे सारे आता एकाच कपाटात येऊन बसते.

समितीची दरवर्षी एक बैठक होते, ती प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी. २०१७ मध्ये ती लंडनला होती, २०१८ मध्ये उट्रेक्टला. दर तीन वर्षांनी आयकॉमचे महाअधिवेशन असते, तेव्हा ती त्या अधिवेशनातच भरते. २०१९ मध्ये क्योटो, २०२२ मध्ये प्राग. या बैठकांत निबंध वाचले जातात, पण सभागृहापेक्षा वस्त्रभांडारात नेऊन कपाटे उघडून दाखवतात तो भाग मला अधिक मोलाचा वाटतो. दुसऱ्याची कपाटे पाहिल्याशिवाय आपल्या कपाटात काय चुकते आहे ते कळत नाही. प्रवासाचा खर्च मात्र मोठा असतो, आणि आपल्यासारख्या संस्थेला तो दरवर्षी झेपणार नाही हे मान्य करूनच पुढचे लिहीत आहे. सदस्यांना, विशेषतः तरुणांना, कधी कधी प्रवासासाठी मदत मिळते. तिच्यावर भिस्त ठेवू नये, पण सूचनांवर लक्ष असावे.

बैठका येतात आणि जातात. समितीने लिहून ठेवलेले टिकते, आणि आपल्या उपयोगाचे तेच आहे. त्यात तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे वस्त्रसंग्रहांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे: वस्त्र हाताळावे कसे, ठेवावे कसे, मांडावे कसे, अभ्यासकाला दाखवावे कसे. दुसरी, वस्त्रांच्या नोंदीसाठीची मूलभूत शब्दावली, जी १९८२ मध्ये इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन अशा तीन भाषांत प्रसिद्ध झाली. आणि तिसरी, ‘क्लोद्ज टेल स्टोरीज’ या नावाची ऑनलाइन कार्यपुस्तिका, जी मोठ्या वस्त्रविभागांपेक्षा एकदोन माणसांवर चालणाऱ्या संग्रहालयांना अधिक कामाची आहे. या गोष्टी वाचायला सदस्यत्व लागत नाही. तेव्हा पैसे भरण्याआधी त्या वाचा, असा माझा पहिला सल्ला आहे.

आता शोभायात्रेकडे वळते. या बाबतीत समितीची भूमिका अगदी स्वच्छ आहे, आणि ती साऱ्या जगाला कळली एका झग्यामुळे. १९ मे १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात मॅरिलिन मनरो यांनी एक अंगालगतचा, स्फटिक जडवलेला, अतितलम रेशमी झगा घातला होता. (योगायोगाने समितीच्या स्थापनेचे सालही तेच.) पुढे तो लिलावात विकला गेला, आणि २०१६ मध्ये ‘रिप्लीज बिलीव्ह इट ऑर नॉट’ या कंपनीने तो सुमारे ४८ लाख डॉलरना घेतला. मे २०२२ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणी तारका किम कार्दशियन यांनी न्यूयॉर्कच्या मेट गालामध्ये, म्हणजे तेथील मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या वेशभूषा विभागासाठी होणाऱ्या निधी-समारंभात, तोच झगा काही मिनिटांपुरता घातला, पायऱ्या चढून गेल्या आणि नंतर त्याची प्रतिकृती घातली. त्यानंतर थोड्याच दिवसांत समितीने निवेदन काढले. त्याचा आशय असा होता की ऐतिहासिक वस्त्रे कुणीही घालू नयेत, मग ती व्यक्ती प्रसिद्ध असो वा नसो. वस्तू ज्या संस्थेच्या ताब्यात असते ती संस्था तिची राखणदार असते, वस्तू मात्र सर्वांची असते. आणि संग्रहालयांनी अशी वस्त्रे घालण्यासाठी उसनी देण्याचे टाळावे.

या प्रकरणातला एक तपशील आपल्या विश्वस्तांना जरूर सांगावा. पुढे त्या झग्याची शिवण ताणली गेल्याची आणि काही स्फटिक गळाल्याची छायाचित्रे फिरली. मालक कंपनीने मात्र नुकसान झाल्याचे नाकारले आणि शिवणी आधीपासूनच ताणलेल्या असल्याची नोंद २०१७ च्या पाहणी अहवालात आहे, असे सांगितले. कोणाचे खरे, यावर मी मत देणार नाही. पण लक्षात घ्या की जगभर गाजलेल्या आणि कोट्यवधी रुपयांच्या वस्तूबाबतही वाद अखेर जुना पाहणी अहवाल काय म्हणतो यावर येऊन ठेपला. आपल्या शोभायात्रेनंतर एखाद्या पैठणीला चीर दिसली, तर ती आधीची की नंतरची, हे ठरवायला आपल्यापाशी कोणता कागद आहे?

‘एका दिवसाने काय होते’ याचे उत्तर द्यायचे, तर वस्त्र जवळून पाहावे लागते. जुन्या पैठणीचा पदर घ्या. त्याची सारी भूमी जरीच्या बाण्याने (आडव्या धाग्यांनी) भरलेली असते, म्हणजे रेशमाच्या गाभ्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचा चपटा तार गुंडाळलेला असतो, आणि त्यात मोर, वेली, आसावली असे रंगीत रेशमाने भरलेले काम असते. हा पदर साडीच्या अंगापेक्षा किती तरी जड असतो. साडी सपाट ठेवलेली असते तोवर त्या वजनाचा कुणाला उपद्रव नसतो. ती नेसली आणि पदर खांद्यावरून सोडला की ते सारे ओझे अंग आणि पदर यांच्या सांध्यातील ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांवर लोंबते. शंभर वर्षे उजेड आणि दमट हवा खाल्लेले रेशीम वरून चकाकत असले तरी आतून ठिसूळ झालेले असते. ते हळूहळू ताणत नाही, एकदम फाटते. त्यातच नऊवारीचा कासोटा मागे खेचून खोचायचा, निऱ्या घट्ट धरायच्या आणि मुलीने दोन तास चालायचे. मग चीर कुठे पडेल ते मी इथे बसून सांगू शकते: घड्यांवर आणि कमरेजवळ.

अंगरख्याची गोष्ट वेगळी आणि अधिक नाजूक आहे. शिवलेले वस्त्र एका विशिष्ट शरीरासाठी बेतलेले असते. अंगरखा हाती आला की मी तो आधी उलटा करून पाहते: काखेत कळी (वेगळा जोडतुकडा) कशी जोडली आहे, अस्तर नंतर लावले आहे का, बंद मूळचे आहेत की बदललेले, शिवण कधी उसवून सैल केली आहे का. पहिल्या शिवणीची भोके कापडात राहतात, आणि तो माणूस वयाबरोबर जाड झाला हे त्या भोकांवरून कळते. काखेतला पिवळसर डागही त्याचाच पुरावा असतो. आजच्या रुंद खांद्याच्या मुलाने तो अंगरखा चढवला की पहिला ताण नेमका त्याच कळीवर येतो, तिथेच घाम जिरतो, आणि आजकाल घामासोबत अत्तर आणि डिओडरंटही येते. नंतर तो डाग काढावा म्हणून कुणी वस्त्र धुवायला घेतले तर जे उरले असेल तेही गेले.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास आढळेल. जुन्या काळ्या किंवा गर्द तपकिरी रंगासाठी हिरड्यासारखे तुरट द्रव्य आणि लोहक्षार यांचा उपयोग होत असे. हा रंग कालांतराने धागाच खातो. कापड उजेडाकडे धरले की नक्षीतले तांबडे, निळे धागे शाबूत दिसतात आणि काळ्याच्या जागी फक्त पोकळ रेघ उरलेली असते. खाली पांढऱ्या कागदावर काळसर भुकटी पडते. आपल्या संग्रहात एखादी जुनी काळी चंद्रकळा असेल तर ती हलवण्याआधी खाली कोरा कागद पसरून पाहा. कागदावर भुकटी पडली, तर त्या साडीची घडीसुद्धा मोडू नका.

तरीही मी सरसकट नियम सांगणार नाही, कारण काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. घरच्या ट्रंकेतला आजीचा शालू नातीने लग्नात नेसला, तर त्यात कुणी बोलण्यासारखे काही नाही. तो त्या घरचा आहे, आणि नेसण्यासाठीच ठेवलेला आहे. देवस्थानात देवाला वस्त्रे चढवण्याची परंपरा चालू असेल, तर त्या वस्त्रांचा धर्मच वेगळा. कॅनडा आणि न्यूझीलंडमध्ये तेथील मूळ समाजांची समारंभी वस्त्रे संग्रहालयांत आहेत, आणि काही संग्रहालये ती त्या त्या समाजाला विधींसाठी वापरायला देतात. वस्त्र वापरात राहणे हाच तिथे जतनाचा भाग मानला जातो, आणि तो निर्णय ज्यांची ती वस्त्रे आहेत त्यांच्याशी बोलून होतो. मला हे मान्य आहे. पण आपल्या बाबतीत तसे काहीच नाही. ही वस्त्रे दात्यांनी संग्रहालयाला दिली, त्यांवर नोंद क्रमांक पडले, आणि ती घालणारी मुले त्या घराण्यांची नाहीत. संग्रहात दाखल झालेल्या वस्तूला आणि घरातल्या ट्रंकेतल्या वस्तूला एकच न्याय लावता येत नाही, एवढे विश्वस्तांना पटले तरी अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे काम पर्याय देण्याचे आहे. नुसता नकार घेऊन कुणी सभेत जाऊ नये, असे माझे मत आहे. शोभायात्रा निघू द्या. पैठण्या येवल्यात आजही हातमागावर विणल्या जातात. नव्या साड्या घ्या, नाहीतर मुलींच्या घरच्या नऊवारी मागवा. अंगरख्यांसाठी प्रतिकृती करून घ्या. त्यासाठी मूळ वस्त्र टेबलावर सपाट पसरावे, त्याच्या प्रत्येक तुकड्याची मापे मऊ कापडी टेपने घ्यावीत, आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने आकृती काढावी, मांजरपाटात एक कच्चा नमुना शिवून पाहावा आणि मगच खरे कापड कापावे. मूळ वस्त्रावर कागद ठेवून त्यावरून पेन फिरवायचा नाही, दातेरी चाक तर मुळीच नाही. गावातला एखादा जुना शिंपी हे काम उत्तम करील, आणि मापे घेताना आपल्याला त्या अंगरख्याची जी माहिती मिळेल ती आजवरच्या नोंदवहीत नसेल. प्रतिकृतीचा खर्च दाखवला की विश्वस्त कुरकुर करतील; त्यांना सांगा की ती दरवर्षी वापरता येईल, मूळ वस्त्र मात्र एकदाच.

मूळ वस्त्रे त्या दिवशी संग्रहालयात जरूर मांडा, पण पुतळ्याला नऊवारी नेसवून नव्हे. नेसवण्यासाठी निऱ्या आणि कासोटा घट्ट बसवावा लागतो, टाचण्या लावाव्या लागतात, आणि तेच तर आपण मुलींच्या बाबतीत टाळत होतो. पुतळ्याला नवी साडी नेसवा, आणि शेजारी मूळ साडी तिरक्या फळीवर, धुतलेल्या मांजरपाटाच्या अस्तरावर, पदर वर ठेवून पसरा. ज्याला नेसण कळायची त्याला ती पुतळ्यावर कळेल, आणि ज्याला विणकाम पाहायचे त्याला ते फळीवर अधिक चांगले दिसेल. उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) आसपास ठेवावा असा सर्वमान्य संकेत आहे. त्यासाठी महागडे दिवे लागत नाहीत. खिडक्यांना जाड पडदे लावा, दिवे कमी करा, आणि पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना सवय व्हावी म्हणून आधीची खोलीही थोडी मंद ठेवा.

इथे एक सावधगिरीची सूचना करते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे वाचताना आपल्याला काही ठिकाणी हताश वाटेल, कारण ती लिहिणाऱ्यांच्या मनात यंत्राने हवा नियंत्रित केलेली इमारत होती. वर्षानुवर्षे ५० टक्के आर्द्रतेचा आकडा सांगितला जात असे. कोकणातल्या जुलै महिन्यात त्या आकड्याचा काय उपयोग? २०१४ मध्ये आयकॉमच्या संवर्धन समितीने आणि संवर्धकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मिळून ही भूमिका सैल केली: बहुतेक वस्तूंसाठी ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यानची आर्द्रता चालेल, आणि स्थानिक हवामानाचा विचार करावा, असे म्हटले. माझ्या अनुभवात आपल्याकडे तेही बारा महिने साधत नाही. म्हणून मी दोनच गोष्टी धरून बसते: आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकू द्यायची नाही, कारण मग बुरशी धरते, आणि ती एकाएकी वरखाली होऊ द्यायची नाही. पावसाळ्यात कपाटे उघडू नयेत, भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत, आणि वस्त्रे धुवून खळ काढलेल्या मांजरपाटात ठेवावीत. वर्तमानपत्र, डांबराच्या गोळ्या आणि साडीच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशव्या मात्र आजच बाहेर काढा.

शब्दावलीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण नोंदींचे काम आपल्याकडे आहे. या शब्दावलीची रचना मला फार आवडते. वस्त्राला त्या त्या काळात काय म्हणत, यावर ती जात नाही. वस्त्र शरीराच्या कोणत्या भागावर आणि कोणत्या थरात घातले जाते, यावर जाते. स्त्री, पुरुष आणि बालक असे तीन गट, आणि प्रत्येकात मुख्य वस्त्रे, बाह्य वस्त्रे, संरक्षक वस्त्रे, अंतर्वस्त्रे, आकार देणाऱ्या रचना, रात्रीची वस्त्रे, आणि मग अंगावर घालायच्या, हाती धरायच्या, शोभेच्या अशा पूरक वस्तू. याचा फायदा असा की ज्याने आयुष्यात कुंची पाहिलेली नाही असा माणूसही तिला बालकांच्या शिरोवस्त्रांत बरोबर ठेवू शकतो. आपली झबली, टोपडी, पगड्या, वहाणा, उपरणी या चौकटीत विनातक्रार बसतात.

अडते ते साडी आणि धोतराशी. ही शब्दावली शिवलेल्या युरोपीय कपड्याच्या मापाने बेतलेली आहे, आणि न कापलेले, न शिवलेले, नेसल्यावरच आकार घेणारे वस्त्र तिच्यात ओढूनताणून बसवावे लागते. साडी कमरेच्या वर आणि खाली दोन्हीकडे असते म्हणून ती स्त्रियांच्या मुख्य वस्त्रांत टाकता येते, इथवर ठीक. पण ती नऊवारी होती की सहावारी, काठ किती रुंद, पदर कोणत्या बाजूला, दोन्ही टोकांना पदर आहे का, आणि मुख्य म्हणजे ती नेसत कशी, हे सांगायला तिथे जागाच नाही. नेसण कापडात नसतेच, ती नेसणाऱ्या बाईच्या हातात असते. म्हणून मी चौकट समितीची ठेवते आणि खाली आपले रकाने जोडते: लांबी-पन्हा, काठ, पदर, अंगावरचे बुट्टे, जरीचा प्रकार, घड्यांच्या जागा, आणि नेसण्याची माहिती कुणाकडून मिळाली. शेवटचा रकाना दात्याच्या घरी जाऊन, म्हाताऱ्या माणसांशी बोलून आत्ताच भरून घ्या. तो नंतर भरता येत नाही. मूळ मराठी नाव नेहमी पहिल्या रकान्यात आणि जसेच्या तसे. ‘रेशमी साडी’ एवढीच नोंद असलेली वहीची पाने मी फार पाहिली आहेत.

विणीच्या तपशिलासाठी मात्र या समितीकडे पाहू नका. त्या विषयात फ्रान्समधील लियाँ येथे १९५४ पासून असलेले प्राचीन वस्त्रांच्या अभ्यासाचे केंद्र, ज्याला सिएटा म्हणतात, त्याची परिभाषा जगभर प्रमाण मानतात. दुरुस्ती आणि रासायनिक प्रश्न आयकॉमच्याच संवर्धन समितीच्या वस्त्र गटाकडे जातात. हे कोणाकडे आणि ते कोणाकडे, हे ठाऊक नसल्याने लोकांचे महिने वाया जातात, म्हणून नमूद केले.

मग सदस्य व्हावे का? आधी समिती काय करत नाही, ते सांगते. ती कपाटांसाठी अनुदान देत नाही, तपासणीस पाठवत नाही, वस्त्राची किंमत ठरवून देत नाही, आणि आपल्या विश्वस्तांना हुकूम तर मुळीच देऊ शकत नाही. मेट गालाच्या निवेदनानंतरही कुणाला दंड झाला नाही. तिच्या म्हणण्याला जे वजन आहे ते केवळ या व्यवसायातील माणसांच्या एकमताचे. आणि तरीही, किंवा म्हणूनच, आपल्यासारखीला ते उपयोगी पडते. ‘मला वाटते की देऊ नये’ आणि ‘या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय समितीची लेखी भूमिका आहे की देऊ नये’ ही दोन वाक्ये विश्वस्तांच्या सभेत सारखी ऐकली जात नाहीत. पहिल्यात आपला हट्ट दिसतो. दुसऱ्यात संस्थेची अब्रू गुंतते, आणि विश्वस्तांना अब्रूची भाषा चांगली समजते.

व्यवहार असा आहे. थेट समितीचे सदस्य होता येत नाही. आधी आयकॉमचे सदस्य व्हावे लागते, आणि अर्ज राष्ट्रीय समितीमार्फत जातो. नंतर वेशभूषा समिती निवडता येते. वर्गणी वैयक्तिक, विद्यार्थी आणि संस्था अशी वेगवेगळी असते आणि देशाच्या आर्थिक गटानुसार ठरते. सदस्यत्वाच्या कार्डावर अनेक देशांतील संग्रहालयांत मोफत प्रवेश मिळतो, पण तेवढ्यासाठी ते घेणे मला पटत नाही. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीचा धंदा करणाऱ्याला सदस्य होता येत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. आपल्या विश्वस्तांपैकी कुणी त्या व्यवसायात असेल तर संस्थेच्या नावाने अर्ज करण्याआधी विचारून घ्या. माझे मत विचाराल तर आपल्या बाबतीत पहिल्या वर्षी वैयक्तिक सदस्यत्व पुरे. संस्थेचे सदस्यत्व नोंदी नीट झाल्यावर घ्यावे, कारण तेव्हा विचारण्यासारखे नेमके प्रश्न आपल्यापाशी असतील, आणि समितीतल्या माणसांकडून नेमक्या प्रश्नांनाच चांगली उत्तरे मिळतात.

जाता जाता, गोव्यातील कोलवाळ येथे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी आपल्या जुन्या घरात मोडा गोवा हे वेशभूषेला वाहिलेले संग्रहालय उभारायला घेतले होते. २०२० मध्ये ते गेले. आपल्या भागात वेशभूषा हाच केंद्रविषय धरून संग्रहालय करण्याचा विचार किती विरळा आहे, हे त्यावरून कळते. आपल्याकडची वस्त्रे बहुधा शस्त्रे, भांडी आणि मूर्ती यांच्या गर्दीत ‘इतर’ म्हणून पडलेली असतात, आणि ती सांभाळणारी व्यक्ती एकटीच असते.

सभेआधी मी आपल्या जागी असते तर एवढे करीन. शोभायात्रेसाठी ज्या वस्त्रांची नावे निघाली आहेत त्या प्रत्येकाचा एक पानी पाहणी अहवाल तयार करीन: समोरून, मागून आणि आतून छायाचित्र, मोजपट्टी शेजारी ठेवून, चिरा, डाग, विरलेली जागा, सुटलेली जर यांच्या खुणा रेखाकृतीवर पेन्सिलीने, तारीख आणि सही. त्यासोबत समितीच्या २०२२ च्या निवेदनाचा मराठी सारांश अर्ध्या पानात, आणि प्रतिकृतींचे शिंप्याकडून घेतलेले लेखी अंदाजपत्रक. शेवटच्या पानावर एक ओळ अशी ठेवीन की ‘वरील वस्त्रे घालण्यास देण्याचा निर्णय झाल्यास, प्रत्येक वस्त्राची जबाबदारी स्वीकारणाऱ्या विश्वस्ताचे नाव व सही’, आणि तिच्यापुढे नोंद क्रमांकांची यादी, सहीच्या जागा रिकाम्या ठेवून.